आगाशीचे डॉक्टर आणि माझी निरोगी छाती

आगाशीच्या डॉक्टरांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. घरच्यांना ही सवय माहीत आहे, कारण माहीत नाही. एखाद्या बारशाला किंवा सोसायटीच्या सभेनंतर कुणीतरी त्यांच्या विक्षिप्तपणाचा किस्सा काढतं, सगळे हसतात, आणि शेवटी हमखास कुणीतरी म्हणतं, "पण म्हातारा शेवटी सटकलाच. त्या आचोळ्याच्या मुलीचं नुकसान केलं त्याने." तोवर मी स्वयंपाकघरात पोचलेला असतो. या विषयावर मी आजवर फार पाणी प्यायलो आहे. आता वय झालं, लिहून टाकतो. ते सटकले नव्हते.

डॉक्टर आगाशीच्या जुन्या बागायतदार घरातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत काढली आणि बायको गेल्यावर वाडीतल्या घरी परत आले. इथे त्यांनी दवाखाना टाकला नाही. इंग्लंडला जाऊ बघणाऱ्या डॉक्टरांना शिकवायला घेतलं. आपल्याकडे शिकलेला डॉक्टर तिकडे परका. रुग्णाला हात लावायचा तर तिकडचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी आधी लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष. ही प्रत्यक्ष परीक्षा म्हणजे नाटकच असतं. लहान लहान खोल्या, प्रत्येक खोलीत रुग्ण म्हणून बसलेला एक नट आणि कोपऱ्यात गप्प बसलेला परीक्षक. घंटा वाजली की आत जायचं, विचारपूस करायची, तपासायचं. पुन्हा घंटा वाजली की पुढची खोली. नट धडधाकट असतो, म्हणून तपासणीत काय सापडलं हे बहुधा परीक्षकच सांगतो; क्वचित एखाद्या खोलीत खरा आजारी माणूसही बसवतात.

डॉक्टरांनी केळी पिकवायच्या जुन्या खोलीत बायकोच्या साड्या दोरीवर टाकून अशा चार खोल्या केल्या होत्या. खिडकीच्या गजाला सायकलची घंटी बसवली होती. पिकत्या केळ्यांचा वास भिंतींतून काही गेला नव्हता, त्यामुळे तिथे शिकून गेलेल्या एका मुलाला म्हणे परदेशात फळांच्या दुकानात शिरलं की घाम फुटतो.

मी तिथला रुग्ण होतो. सरकारी नोकरीत असताना कचेरीच्या नाट्यस्पर्धांत मी पुष्कळ कामं केली होती, पण डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा मी विरारच्या बसमध्ये कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतो. मागच्या सीटवरून एक म्हातारा गृहस्थ उठून माझ्यापाशी आला.

"नाटकात होता का कधी?"

"होतो. का?"

"आवाज चांगला लागतो. उद्यापासून माझ्याकडे या. तुम्हाला छातीत दुखतंय."

"मला नाही दुखत."

"उद्यापासून दुखेल," म्हणाले आणि आगाशीला उतरून गेले.

मी गेलो. सकाळी छातीत कळ, दुपारी मूतखडा, जेवण झाल्यावर दारूचं व्यसन, असा माझा दिनक्रम सुरू झाला. माझी छातीतली कळ पुढे प्रसिद्ध झाली. पालघरहून आलेल्या एका डॉक्टरणीला ती पाहून खरंच रडू फुटलं होतं. बायको म्हणायची, "घरी कंबर धरली तर हूं की चूं करत नाही, आणि तिकडे जाऊन लोकांसमोर कण्हता. एक दिवस इथेही कण्हून दाखवा, म्हणजे मला चहा कधी करायचा ते कळेल."

डॉक्टरांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. तिकडच्या परीक्षेत रुग्णाला विचारावं लागतं, की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल? हा प्रश्न आपल्या मुलांच्या तोंडून निघायचाच नाही. डॉक्टर म्हणायचे, आधी मराठीत विचारा. ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत जे जमत नाही ते इंग्रजीत काय जमणार? मग मुलं बिचकत विचारायची आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचो, "मला माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" डॉक्टर मांडीवर थाप मारायचे. "हेच! हेच उत्तर पचवायला शिका. राग आला की नापास."

सवय लागावी म्हणून ते मुलांना घेऊन आगाशीच्या बाजारात जात. एकदा मासळीवालीसमोर बसून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ही सुरमई ताजी आहे का?"

ती म्हणाली, "डॉक्टर, मला वाटून काय उपेग? तुमच्या बायकोला वाटाय पायजे होतं, ती तर गेली. घेता का पानी मारू?"

मुलं गार. डॉक्टर मात्र खूश होऊन परतताना म्हणाले, "बघितलंत? चार वाक्यांत तिने माझं दुःखही ओळखलं आणि वेळही वाचवला. ही पहिल्या खेपेला पास झाली असती."

आत येण्याआधी हात धुतले नाहीत तर ते मुलांना पुन्हा फाटकापर्यंत पाठवायचे, मग मुलगा सर्जन असो की आणखी कुणी. रुग्णाशी बोलताना घड्याळ बघितलं तर घड्याळ काढून घ्यायचे. त्यांच्या टेबलाच्या खणात पाच-सहा घड्याळं कायम टिकटिकत असायची. आणि त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: "जे आहे ते ऐकू न येणारा डॉक्टर शिकून सुधारतो. जे नाही ते ऐकू येणारा कधीच सुधारत नाही."

हे वाक्य ते बोलायचे तेव्हा मी खाली बघायचो. कारण त्यांना ऐकू येत नव्हतं.

हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं, की मुलं हळू बोलली की ते डोकं एका बाजूला कलवून मिशी चाचपतात आणि मग भलताच शेरा मारतात. बसमध्ये त्यांनी माझा अभिनय हेरला असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे, न ओरडता ज्यांचं बोलणं त्यांना ऐकू यायचं अशा थोड्या माणसांत मी एक होतो. एकदा धीर करून मी म्हणालो, "डॉक्टर, हल्ली कानाची मशिनं फार बारीक निघालीत."

त्यांनी इतक्या थंडपणे माझ्याकडे पाहिलं की माझी खरोखर छाती धडधडली. "बहिऱ्या डॉक्टराकडे कोण शिकायला येतं, नटवर्य?"

त्यानंतर मी एक युक्ती काढली. मुलाने कुजबुजत प्रश्न विचारला की रुग्ण म्हणून तोच प्रश्न मी मोठ्याने म्हणायचो. "म्हणजे तुम्ही विचारताय, जिना चढताना मला दम लागतो का?" मुलांना वाटायचं, काय नैसर्गिक अभिनय आहे! डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे. या युक्तीबद्दल आमच्यात एक अक्षर कधी बोललं गेलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या चहात ते स्वतः आलं किसून घालू लागले.

आता त्या मुलीबद्दल.

अश्विनी आचोळ्याची. वडील कोकणातून येऊन कारखान्यात कामाला लागलेले, घरातली पहिली डॉक्टर. लेखी परीक्षा ती पास झाली होती, पण त्या निकालाची मुदत संपत आली होती. त्या मुदतीत प्रत्यक्ष परीक्षेची एकच खेप तिच्या हाती होती. ती हुकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ती कायम घाबरलेली असायची. बसमधून उतरतानाच प्रश्न पुटपुटत यायची. पण रुग्णाला हात लावला की तिच्यात फरक पडायचा. ती गप्प व्हायची आणि खरंच तपासायची.

हे 'खरंच' महत्त्वाचं आहे. माझी छाती तोवर दीड-दोनशे डॉक्टरांनी तपासली असेल. सगळ्यांना माहीत होतं की हा नट आहे, याला काही झालेलं नाही. ते स्टेथोस्कोपची नळी टेकवायचे, मनात पुढचं वाक्य जुळवायचे आणि म्हणायचे, "हृदयाचे ठोके नियमित, इतर आवाज नाही." परीक्षेत तसंच म्हणायचं असतं. ऐकलं कुणीच नव्हतं.

अश्विनीने नळी टेकवली, सरकवली, मग मानेपाशी धरली. मी माझ्या ठरलेल्या सुरात कण्हत होतो. ती म्हणाली, "काका, जरा कण्हू नका."

मी थांबलो. साडीच्या पडद्याआड कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज झाला. ती पुन्हा ऐकत राहिली. मग भूमिका सोडून तिने साध्या मराठीत विचारलं, "काका, जिना चढताना खरंच दम लागतो का तुम्हाला? चक्कर येते?"

त्या आधीचे दोन-तीन महिने मला आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये थांबावं लागत होतं. दुसऱ्या मजल्यावर मी चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचो. एकदा दूध आणताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"सर, दोन ठोक्यांच्या मध्ये खरखर आहे. मानेपर्यंत जाते. हे नाटकातलं म्हणून नाही म्हणत मी."

हे तिने मोठ्याने म्हटलं, त्यामुळे डॉक्टरांनी ऐकलं. ते उठून आले. आपली जुनी नळी त्यांनी कानात घातली आणि माझ्या छातीला टेकवली. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. पांढऱ्या भुवया, डोळे मिटलेले. ते खूप वेळ ऐकत राहिले आणि मला समजलं की त्यांना काहीच ऐकू येत नाहीये. ठोकेही येत नसावेत. आणि त्यांनाही हे समजलं असणार, कारण त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. त्यांनी मलाच विचारलं, "काही त्रास?"

ते माझ्यावर अवलंबून होते. रोज मी त्यांना प्रश्न मोठ्याने ऐकवत होतो, तसंच हेही ऐकवावं एवढंच ते मागत होते.

"काही नाही," मी म्हणालो.

"स्वच्छ आहे," डॉक्टर वळून म्हणाले. आणि मग अश्विनीला, सगळ्यांसमोर, ते पाठ असलेलं वाक्य.

ती म्हणाली, "सर, पण मी ऐकलं."

"भीतीत माणसाला काहीही ऐकू येतं. आधी स्वतःचं मन शांत करा. जमत नसेल तर या खेपेला जाऊ नका."

ती गेली. परीक्षा द्यायला गेली, म्हणजे. आणि नापास झाली.

दरम्यान मी काय केलं ते सांगतो. रोज रात्री उशीवर कान दाबला की मला ती खरखर ऐकू येते असं वाटू लागलं. शेवटी एकदा पेन्शनच्या कामाचं निमित्त करून मुंबईला गेलो आणि एका हृदयतज्ज्ञाला दाखवलं. त्याने यंत्रावर बघून सांगितलं, झडप अरुंद झालीये, बदलावी लागेल. वर विचारलं, "आजवर कुणी डॉक्टरने ऐकलं कसं नाही? आवाज तर चांगला मोठा आहे." मी त्याला म्हणालो, मी डॉक्टरांकडे फारसा जात नाही.

ही गोष्ट पोटात ठेवून मी आगाशीला जात राहिलो. आज सांगू, उद्या सांगू. आणि एका सकाळी अश्विनीचे वडील वाडीच्या फाटकातून आत आले. मागे ती होती, "बाबा, चला ना, नको," म्हणत.

"कुठाय तो इंग्लंडचा डॉक्टर?" त्यांचा आवाज बाजारापर्यंत गेला असेल. "माझ्या पोरीला काय सांगितलंत तुम्ही? हिच्या कानात भुतं बोलतात? परीक्षेच्या खोलीत हिला ऐकू आलं ते बोलायची हिंमत झाली नाही हिची! बरोबर उत्तर तोंडात होतं, गिळलं!"

मुलं साड्यांच्या आडून बाहेर आली. डॉक्टर ताठ उभे राहिले. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि त्या माणसाइतक्याच मोठ्या आवाजात ते म्हणाले, "तुमच्या मुलीने निरोगी माणसाला रोगी ठरवलं. मी तिला ते सांगितलं नसतं तर मी मास्तर कसला?" मग माझ्याकडे बोट केलं. "हे इथेच आहेत. यांनाच विचारा. अहो, सांगा, तुमच्या छातीत काही आहे?"

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा तज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या होत्या.

अश्विनी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती माझ्या ओठांकडे आणि नखांकडे बघत होती, डॉक्टर बघतात तसं.

"नाही," मी म्हणालो. "ठणठणीत आहे."

डॉक्टरांना वाचवण्यासाठी बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. त्यांचं बहिरेपण चारचौघांत उघडं पडलं असतं, हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही. मला भीती वाटत होती. त्या खोलीत मी रोज मरणाच्या दारात जायचो आणि घंटी वाजली की उठून चहा प्यायचो. हो म्हटलं असतं तर घंटी वाजूनही मला उठता आलं नसतं.

वडील खाली बसले. तिने त्यांना हात धरून उठवलं. जाताना ती मला म्हणाली, "काका, दाखवून घ्या कुणालातरी. उशीर करू नका." एवढंच.

त्यानंतर बातमी पसरली. म्हाताऱ्याने होतकरू मुलीचा आत्मविश्वास मारला, आता त्याचा भरवसा नाही. मुलं बोरिवलीकडच्या एका क्लासला जाऊ लागली, तिथे खोल्यांना खऱ्या भिंती होत्या. मी आगाशीत पुण्याला मुलाकडे जातो असं सांगून ऑपरेशन करून घेतलं. छातीवर उभा व्रण घेऊन परत आलो, आणि अशी छाती निरोगी रुग्णाची म्हणून कुणाला दाखवता येत नाही. गुडघ्यांचं कारण सांगून मी आगाशीला जाणं बंद केलं. डॉक्टरांनी एकदा माणूस पाठवून विचारलं, की बसून करता येईल असा आजार देऊ का? मी निरोप दिला नाही. पुढे कानावर आलं की ते रिकाम्या खोलीत ठरलेल्या वेळी घंटी वाजवतात. ते वेडेपण नव्हतं. कुणी आलंच तर शिस्त मोडलेली दिसू नये, एवढंच असणार. मी त्यांना ओळखत होतो.

अश्विनीला मी भेटलो. आचोळ्यातल्या एका लहान रुग्णालयात ती नोकरी करत होती आणि लेखी परीक्षेचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करत होती. मी शर्टाची वरची दोन बटणं काढून व्रण दाखवला. बोलायला वेगळं काही सुचलं नाही.

तिने पुढे होऊन व्रण नीट पाहिला. मग म्हणाली, "कधी केलंत ऑपरेशन?"

मी सांगितलं.

"म्हणजे बाबा आले होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"गोळ्या वेळेवर घेता ना?" तिने विचारलं, आणि लगेच तिचा आवाज बदलला. "मला काय सांगताय, काका? मला माहीतच होतं. मी ऐकलं होतं. पण त्या परीक्षेच्या खोलीत एका बाईच्या छातीला नळी लावली आणि मला वाटलं, मला जे ऐकू येतंय ते नसेलच. हे तुमचं ऑपरेशन झाल्याने परत येत नाही. माझी माफी मागू नका. सरांना जाऊन सांगा. त्यांना अजून वाटतं की मी खोटं ऐकलं. त्यांना सांगा की त्यांची विद्यार्थिनी बरोबर होती. एवढं एक काम करा माझं."

मी हो म्हणालो. तिच्यापुढे नाही कसं म्हणणार होतो? आणि तरी आगाशीच्या बसमध्ये बसायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

डॉक्टर ओसरीवर आरामखुर्चीत होते. अंगाने निम्मे झाले होते. पुतण्याची बायको आतून म्हणाली, "काका, मोठ्यानं बोला हं. आता अगदीच येत नाही त्यांना. आम्ही ओरडतो तेव्हा कुठे." तिच्या माहेरची माणसं आली होती, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ती वाल सोलत बसली होती. गप्पा थांबवून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी मला ओळखलं. "या, नटवर्य," म्हणाले. "आज काय दुखतंय?"

मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलो. वाक्य मी बसमध्ये घोकून आलो होतो. कचेरीच्या नाटकांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज होता, आणि मला फक्त तो लावायचा होता. डोकं एका बाजूला कलवून ते वाट बघत होते.

मी ते वाक्य बोललो. पूर्ण बोललो, एक शब्दही गाळला नाही. पण शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस जागं होऊ नये इतक्या हळू बोललो, आणि तसं मी जाणूनबुजून केलं.

त्यांनी मिशी चाचपली, मान डोलावली आणि बहिरी माणसं हसतात तसं हसले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "असं होय? बरं बरं."

मी चहा पिऊन निघालो. अश्विनीला फोनवर म्हणालो, सांगितलं. पावसाळा संपता संपता डॉक्टर गेले. मी बोललो ते वाक्य असं होतं: "डॉक्टर, तिने बरोबर ऐकलं होतं, माझी छाती आजारी होती, मला ते कळत होतं आणि तरी मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, मला क्षमा करा."